मधुमेहासाठी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया की पथ्य, व्यायाम आणि औषधे? निर्णयाआधीची तयारी

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबरचे, म्हणजे मागांच्या देखभालीचे, काम करणारे 46 वर्षांचे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. सोबत पत्नी होती आणि तिच्या हातात कोणत्याशा शिबिरात मिळालेले पत्रक होते. त्यावर मधुमेहातून कायमची सुटका मिळेल असे ठळक अक्षरांत छापलेले होते. खुर्चीत बसता बसता त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, ऑपरेशन करून एकदाचं मोकळं व्हावं, का गोळ्याच चालू ठेवाव्यात?’’ पत्नीचा प्रश्न वेगळा होता. ‘‘ऑपरेशन झाल्यावर हे भाकरी खातील ना?’’

मला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटला. पहिल्याचे उत्तर पत्रकावर छापता येते. दुसऱ्याचे उत्तर त्या घरातला स्वयंपाक, कारखान्यातली रात्रपाळी आणि पुढची दहा वर्षे यांवर ठरते. या जोडप्याबरोबर जी तयारी केली, तीच येथे क्रमाने मांडत आहे. (ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील बदलले आहेत.) ही तयारी घरी बसून करण्याची आहे. ती वाचून कोणीही गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा डोस स्वतःहून बदलू नये. त्यासाठी आपले डॉक्टर आहेत.

आधी प्रश्न नीट मांडावा

‘शस्त्रक्रिया की पथ्य’ अशी मांडणी मुळातच फसवी आहे. ज्या चाचण्यांमध्ये ही तुलना झाली, त्यांत एका गटाला औषधे आणि जीवनशैलीचे मार्गदर्शन मिळाले, तर दुसऱ्या गटाला तेच सारे मिळून वर शस्त्रक्रिया मिळाली. म्हणजे पथ्य दोन्हीकडे आहे. शस्त्रक्रिया करून घेतल्यावर चालणे, जेवण मोजणे आणि रक्त तपासणे सुटेल या आशेवर कोणी निर्णय घेत असेल, तर त्याने पहिल्याच पायरीवर थांबावे, कारण शस्त्रक्रियेनंतरचे पथ्य आधीच्यापेक्षा कडक असते आणि ते आयुष्यभराचे असते.

‘मुक्ती’ हा शब्दही बाजूला ठेवावा. मधुमेहाच्या अनेक तज्ज्ञ संघटनांनी 2021 मध्ये मिळून जी व्याख्या ठरवली, तिच्यानुसार साखर उतरवणारी सर्व औषधे बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीएवनसी, 6.5 टक्क्यांच्या खाली राहिली तर मधुमेहाने माघार घेतली असे म्हणायचे. माघार घेतलेले सैन्य परत येऊ शकते, म्हणून मला हाच शब्द नेमका वाटतो. माघारीनंतरही डोळ्यांची, लघवीतील प्रथिनांची आणि पायांची तपासणी दरवर्षी चालू ठेवावी लागते.

वहीचे पहिले पान

शंभर पानी एक वही घ्यावी आणि पहिल्या पानावर मधुमेह केव्हा कळला ते लिहावे. स्मरणावर विसंबू नये. ‘‘धाकट्या मेहुण्याच्या लग्नाच्या सुमारास कळलं’’ असे पुष्कळांचे उत्तर असते आणि जुनी फाइल उघडली की त्याच्या तीन वर्षे आधीचा वाढलेल्या साखरेचा रिपोर्ट सापडतो. हा तपशील इतका महत्त्वाचा आहे याचे कारण असे, की स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची क्षमता वर्षानुवर्षे घटत जाते आणि ती जितकी शिल्लक असेल तितकीच माघारीची शक्यता, मग मार्ग कोणताही घ्या. दोन वर्षांचा मधुमेह आणि पंधरा वर्षांचा मधुमेह यांची तुलना एकाच तराजूत होत नाही.

शिल्लक क्षमतेचा अंदाज घेण्यासाठी सी-पेप्टाइड नावाची रक्ततपासणी असते. ती कमी आली, किंवा मधुमेह पहिल्या प्रकारचा निघाला, तर शस्त्रक्रियेने वजन उतरेल, पण इन्सुलिन सुटणार नाही. तैवानचे शल्यचिकित्सक वेई-जेई ली यांनी वय, वजनाचा निर्देशांक, सी-पेप्टाइड आणि मधुमेहाची वर्षे या चार गोष्टींवरून माघारीचा अंदाज बांधणारी एक गुणपद्धती मांडली आहे. आपल्या सर्जनला ‘माझे गुण किती येतात’ असे थेट विचारण्यास हरकत नाही.

त्यानंतर उंची आणि वजन. वजन किलोमध्ये घेऊन त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर जडतो, म्हणून आशियाई लोकांसाठीच्या मर्यादा खाली आणलेल्या आहेत. 2016 मध्ये जगभरातील 45 वैद्यकीय संघटनांनी मान्य केलेल्या निवेदनाप्रमाणे, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या आशियाई व्यक्तीचा बीएमआय 37.5 किंवा अधिक असल्यास साखर कशीही असली तरी शस्त्रक्रियेची शिफारस करावी, तो 32.5 ते 37.4 असून योग्य उपचारांनीही साखर आटोक्यात येत नसल्यास शिफारस करावी, आणि 27.5 ते 32.4 असून साखर आटोक्याबाहेर असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा. हे आकडे आपल्या अंगावर चढवून पाहावेत. 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी 27.5 म्हणजे साधारण 75 किलो, 32.5 म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी किलो आणि 37.5 म्हणजे 102 किलो. आमचे जॉबर याच उंचीचे होते आणि त्यांचे वजन 93 किलो, म्हणजे बीएमआय 34 च्या थोडा वर भरला. कमरेचा घेरही बेंबीच्या पातळीवर मोजून लिहावा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढचा घेर आपल्याकडे धोक्याचा मानतात.

त्याखाली गेल्या दोन वर्षांतील एचबीएवनसीचे सर्व आकडे तारखांसह, चालू औषधांची नावे व डोस, आणि शेवटची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी केव्हा झाली ते लिहावे. शेवटच्या रकान्यात बहुतेकांची लेखणी अडते. साखर अचानक वेगाने उतरली तर आधीपासून बिघडलेला डोळ्याचा पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो, म्हणून शस्त्रक्रिया असो की जोरदार औषधे, पडदा आधी तपासून घ्यावा. रक्तक्षय असल्यास तेही नोंदवावे, कारण लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते आणि सोलापुरात विडी वळणाऱ्या किंवा कांड्या भरणाऱ्या स्त्रियांमध्ये फिकट चेहरे मी रोजच पाहतो.

आकडा कोणत्या वर्षाचा, ते आधी पाहावे

शस्त्रक्रियेच्या बाजूचा सर्वांत गाजलेला पुरावा अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्टँपीड’ चाचणीचा आहे. तिच्यात 150 रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले गेले आणि एचबीएवनसी 6 टक्के किंवा त्याखाली आणणे हे उद्दिष्ट धरले गेले. एका वर्षानंतर केवळ औषधांच्या गटात 12 टक्के, बायपासच्या गटात 42 टक्के आणि स्लीव्हच्या गटात 37 टक्के रुग्णांनी ते गाठले (या दोन शस्त्रक्रिया म्हणजे काय ते पुढे येईलच). पाच वर्षांनंतर हेच आकडे अनुक्रमे 5, 29 आणि 23 टक्के झाले. पत्रकात नेहमी पहिल्या वर्षाचा आकडा असतो. पाचव्या वर्षाचा विचारला की समोरची व्यक्ती किती अभ्यासू आहे ते कळते.

इटलीत रोम येथे 60 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. तेथे रुग्णांचा बीएमआय 35 पेक्षा जास्त होता. दहा वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 37.5 टक्के आणि औषधांवरच्यांपैकी 5.5 टक्के रुग्ण माघारीच्या अवस्थेत होते. स्वीडनमधील मोठ्या दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी 72 टक्के रुग्णांमध्ये दिसलेली माघार पंधरा वर्षांनी 30 टक्क्यांवर आली. अमेरिकेतील चार चाचण्यांतील 262 रुग्णांचा एकत्रित पाठपुरावा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सात वर्षांनी माघार शस्त्रक्रियेच्या गटात 18.2 टक्के आणि दुसऱ्या गटात 6.2 टक्के होती. पण ज्यांच्या मधुमेहाने माघार घेतली नाही त्यांचाही विचार केला तर शस्त्रक्रियेच्या गटाची एचबीएवनसी सरासरी 1.6 ने उतरलेली होती आणि दुसऱ्या गटाची केवळ 0.2 ने. हा शेवटचा आकडा मला माघारीच्या टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मधुमेह परतला तरी तो बहुधा सौम्य होऊन परततो.

पथ्याच्या बाजूला ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणी आहे. सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला केवळ 825 ते 853 किलोकॅलरीचा मोजका द्रव आहार दिला गेला आणि नंतर हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणले गेले. वर्षाअखेर 46 टक्के रुग्णांमध्ये माघार दिसली, नेहमीच्या उपचारांच्या गटात ती 4 टक्के होती. ज्यांनी 15 किलो किंवा अधिक वजन उतरवले त्यांच्यात हा आकडा 86 टक्के होता. दुसऱ्या वर्षी एकूण आकडा 36 टक्के झाला आणि पाच वर्षे पाठपुरावा चालू राहिलेल्या गटात सुमारे 13 टक्के. कतारमध्ये तीन वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्या 50 वर्षांपर्यंतच्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला आणि वर्षाअखेर 61 टक्क्यांमध्ये माघार दिसली.

हे सारे एकत्र वाचले की माझे मत असे होते. बीएमआय 35 च्या पुढे आहे, दोन-तीन औषधे नीट घेऊनही साखर उतरत नाही, आणि मधुमेह अजून दहा वर्षांचा झालेला नाही, अशा व्यक्तीने शस्त्रक्रियेची चर्चा शेवटचा उपाय म्हणून पुढे ढकलू नये. पंधराव्या वर्षी, इन्सुलिनचे 60 युनिट चालू असताना केलेल्या शस्त्रक्रियेकडून तीच अपेक्षा धरता येत नाही. उलट बीएमआय 28 आणि मधुमेह दोन वर्षांचा असेल, तर आधी वजन उतरवण्याचा खराखुरा प्रयत्न आणि योग्य औषधे यांनाच संधी द्यावी. अडचण मधल्यांची आहे, आणि आमचे जॉबर मधलेच होते.

खराखुरा प्रयत्न म्हणजे काय

‘‘पथ्य करून पाहिलं, काही झालं नाही’’ हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो. वहीच्या दुसऱ्या पानावर त्या पथ्याचा हिशेब लिहायला सांगितला की बहुधा ‘साखर बंद, भात बंद, भाकरी चालू’ एवढेच निघते. जॉबरसाहेबांच्या पत्नीने एक दिवसाचे ताट लिहून आणले. सकाळी कामावर जाताना तीन भाकरी, डब्यात तीन, रात्री दोन; दोन्ही वेळा शेंगाचटणी आणि वर तेल; पाळीच्या मध्ये साखरेचे चार चहा. ज्वारीची भाकरी मधुमेहाला चालते असे त्यांना कोणीतरी सांगितले होते आणि ते अर्धे खरे आहे. तंतू असल्याने ती मैद्यापेक्षा नक्कीच बरी. परंतु 60 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण 40 ग्रॅम कर्बोदके आणि 200 किलोकॅलरी असतात. आठ भाकऱ्यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शेंगाचटणीचा दहा ग्रॅमचा एक चमचा म्हणजे सुमारे 55 किलोकॅलरी, आणि आपल्याकडे ती चमच्याने नव्हे, मुठीने वाढतात. हे आकडे पाहिले की वजन का उतरत नाही याचे कोडे उरत नाही.

म्हणून निर्णयाआधी बारा आठवड्यांचा एक मोजलेला प्रयत्न करावा. ताटात अर्धी जागा भाजी आणि कोशिंबिरीला, पाव जागा डाळ, मटकी, अंडी, दही किंवा माशाला आणि उरलेल्या पाव जागेत भाकरी. भाकरी तव्यावर जाण्याआधीच मोजावी. म्हणजे पिठाची वाटी ठरवून घ्यावी. आठवड्याला किमान 150 मिनिटे थोडी धाप लागेल असे चालावे आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम करावा. यंत्रमागाजवळ आठ तास उभे राहणे हा व्यायाम नव्हे, हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटते, कारण त्या कष्टाची कल्पना आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, त्या दिवसांत सकाळी सातच्या आत होम मैदानाकडे किंवा सिद्धेश्वर तलावाकाठी चालून यावे. रात्रपाळीवाल्यांनी पहाटे घरी येऊन पूर्ण जेवण घेऊन झोपण्याची सवय आधी मोडावी.

एक इशारा मात्र ठामपणे द्यावा लागतो. ‘डायरेक्ट’सारखा 800 किलोकॅलरीचा आहार घरच्या घरी सुरू करू नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना खाणे एकदम घटवले तर साखर धोकादायक उतरते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असताना फार कमी खाल्ले तर रक्तात आम्लद्रव्ये साचू शकतात आणि त्या वेळी साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही.

औषधांची बाजू बदललेली आहे

जुन्या चाचण्यांतील ‘केवळ औषधे’ म्हणजे आजची औषधे नव्हेत, हे तुलना करताना विसरता येत नाही. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने भूक कमी करतात, साखर उतरवतात आणि वजनही. टिर्झेपाटाइड 2025 च्या मार्चमध्ये भारतात आले. मधुमेह असलेल्या लठ्ठ व्यक्तींवरच्या चाचणीत 72 आठवड्यांत त्याच्या सर्वांत मोठ्या डोसने वजन सरासरी 14.7 टक्के उतरले, तर वेगळ्या, 68 आठवड्यांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडच्या 2.4 मिलिग्रॅम डोसने मधुमेहींमध्ये 9.6 टक्के. शस्त्रक्रियेने सामान्यतः याहून अधिक वजन उतरते, पण अंतर पूर्वीएवढे राहिलेले नाही.

मात्र इंजेक्शन थांबवले की वजन परतते. मधुमेह नसलेल्या व्यक्तींमधील सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. म्हणून या मार्गाचा खर्च महिन्याचा न धरता दहा वर्षांचा धरावा आणि तो शस्त्रक्रियेच्या खर्चाशेजारी लिहावा. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास सुरुवातीला होतात. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच दुखावलेले असेल, तर वजन कितीही असो, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचे स्वतंत्र फायदे आहेत, ते डॉक्टरांना विचारावेत. आमच्या जॉबरसाहेबांना मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि सिटाग्लिप्टिन एवढेच चालू होते. म्हणजे औषधांची बाजू पुरती खेळलेलीच नव्हती.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात

दुर्बिणीतून होणाऱ्या दोन शस्त्रक्रिया प्रामुख्याने ऐकू येतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात; काढलेला भाग परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटा कप्पा करून तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जाते. बायपासनंतर साखर वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांत खाली येऊ लागते. खाणे एकदम कमी होते, यकृतातील चरबी वेगाने घटते आणि आतड्यातून स्रवणारे, इन्सुलिनला चालना देणारे संप्रेरक वाढते, ही त्याची मुख्य कारणे आहेत. जुना मधुमेह असल्यास बायपासकडे अधिक कल असतो. ज्यांना आधीच छातीत जळजळ होते त्यांच्यात स्लीव्हनंतर ती वाढू शकते.

अनुभवी केंद्रात या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण हजारात एक ते तीनच्या आसपास, म्हणजे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास असते. तरी टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायातील रक्तगुठळी हे धोके पहिल्या काही आठवड्यांत असतात. पुढे पित्तखडे होऊ शकतात. बायपासनंतर गोड पदार्थ एकदम खाल्ला तर घाम, धडधड, जुलाब होतात, आणि काहींना जेवणानंतर दोन-तीन तासांनी साखर उतरून चक्कर येते. बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी बायपास झालेल्याने घेऊ नये, जोडाच्या ठिकाणी व्रण होतो. तंबाखू, विडी आणि मिश्रीनेही तो होतो. आपल्या भागात मिश्री लावणाऱ्या बायका ती व्यसनात धरत नाहीत, म्हणून त्यांना नाव घेऊनच विचारावे लागते. दारू पूर्वीपेक्षा लवकर चढते. बाळंतपणाचा विचार असलेल्या स्त्रीने शस्त्रक्रियेनंतर वर्ष ते दीड वर्ष थांबावे.

आता भाकरीचा प्रश्न. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, त्यानंतर मऊ आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, पण वाटीभर. भाकरी खाता येते; अर्धी, ताज्या तव्यावरची, आमटीत कुस्करून, आणि प्रत्येक घास मऊ होईपर्यंत चावून. आपली कडक भाकरी बराच काळ बाजूला राहते. आधी डाळ, दही, अंडे खायचे, कारण दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिने त्या छोट्या पोटात बसवायची असतात. भाकरीची पाळी शेवटी. पाणी जेवणाबरोबर पिता येत नाही, अर्धा तास अंतर ठेवून घोटघोट प्यावे लागते. ताटात टाकायचे नाही हा आपला संस्कार येथे मोडावा लागतो आणि लग्नाच्या पंगतीतला आग्रहही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवले नाही, तर आजारी पडल्यासारखे खातोस म्हणून रोज बोलणी ऐकावी लागतात.

सोलापुरात राहून पाठपुरावा

शस्त्रक्रिया पुण्यात, मुंबईत किंवा हैदराबादला करायची असेल, तर पाठपुरावा कोठे होणार हे आधी ठरवावे. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे. पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून जाणे पहिल्या दोन भेटींना जमते, सातव्या भेटीला माणूस कंटाळतो. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून किमान एकदा रक्ततपासणी लागते. ती सोलापुरात करून रिपोर्ट पाठवला तर चालेल का, रात्री पोटात असह्य दुखले तर येथे कोण पाहणार, हे सर्जनकडून लिहून घ्यावे. शस्त्रक्रिया शक्यतो मार्च ते मे टाळावी असा माझा अनुभवाचा सल्ला आहे: ज्याला एका वेळी दोनच घोट पाणी पिता येते, त्याला पत्र्याखालच्या घरात सोलापूरचा उन्हाळा काढताना अशक्तपणा आणि मूत्रपिंडावरचा ताण या दोन्हींचा धोका असतो.

पैशांविषयी थोडक्यात. खर्च लाखांत जातो. स्टेपलर, भूल, खोली, पुढच्या गोळ्या धरून लेखी अंदाज घ्यावा. विमा नियामकाच्या नियमांनुसार पॉलिसीत लठ्ठपणाची शस्त्रक्रिया वगळलेली असते, अपवाद बीएमआय 40 किंवा अधिक, अथवा 35 पासून पुढे आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार, तेही साधे उपाय निष्फळ ठरल्यावर. म्हणजे वैद्यकीय मर्यादा आणि विम्याची मर्यादा यांत फरक आहे. जॉबरसाहेबांना एका मध्यस्थाने ‘‘अडीच किलो वाढवा, क्लेम बसेल’’ असे सुचवले होते. मधुमेही माणसाला वजन वाढवायला सांगणारा सल्लागार पुन्हा घरात घेऊ नये.

सर्जनसमोर बसल्यावर

वही उघडी ठेवावी आणि सोबत स्वयंपाक करणारी व्यक्ती असावी. माझ्यासारख्या, म्हणजे एवढ्याच वर्षांचा मधुमेह आणि एवढीच औषधे असलेल्या तुमच्या रुग्णांचे पाच वर्षांनी काय झाले, असे विचारावे. आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, गळती किती जणांना झाली, माझ्यासाठी स्लीव्ह का आणि बायपास का नाही, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ केव्हा भेटणार, हेही विचारावे. या प्रश्नांवर जो चिडतो किंवा त्याच आठवड्याची तारीख देतो, त्याच्याकडून उठून यावे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवावी लागते आणि आठवड्याचे इंजेक्शन चालू असल्यास भूलतज्ज्ञाला सांगावे लागते. या दोन गोष्टी फाइलवर लाल शाईने लिहून ठेवाव्यात.

जॉबरसाहेबांचा मधुमेह पाच वर्षांचा होता, सी-पेप्टाइड चांगले होते, एचबीएवनसी 9.1 आणि डोळ्यांचे पडदे निरोगी. आम्ही औषधे बदलली आणि बारा आठवड्यांचा प्रयत्न ठरवला. ऑगस्टअखेर वजन 86 किलो आणि एचबीएवनसी 7.4 होती. ते पुण्याला सर्जनला भेटून आले, त्यांना तो माणूस आवडला, तरी घाई केली नाही. वहीच्या चौथ्या पानावर त्यांनी स्वतः लिहिले: ‘‘गड्डा यात्रा (संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) झाल्यावर तपासणी. शुगर 7 च्या वरच राहिली किंवा वजन 88 च्या वर गेले तर ऑपरेशन, जून उलटल्यावर.’’ खाली पत्नीच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: ‘‘तोपर्यंत भाकरी सकाळी दीड, रात्री एक.’’